सिमल्यात घर घेण्याआधी एक पावसाळा काढा

मे महिन्यात मुंबई-पुण्याहून सिमल्याला गेलेल्या माणसाला मॉल रोडवर एक फेरी मारली की हमखास वाटतं, निवृत्तीनंतर इथंच राहावं. घरून काम करण्याची मुभा असलेले तरुण तर निवृत्तीचीही वाट पाहत नाहीत. देवदार, थंड वारा, 1903 पासून धावणारी कालका-सिमला गाडी! गावाला परतण्याआधीच फ्लॅटची चौकशी सुरू होते.

पहिली ठेच कायद्याची. हिमाचलच्या 1972 च्या कूळ कायद्यातलं कलम 118 बिगरशेतकऱ्याला सरकारी परवानगीशिवाय जमीन घेऊ देत नाही. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, हे महाराष्ट्रातही आहेच. पण सातारा-सांगलीचा सातबारा तिथं दाखवून उपयोग नाही, कारण त्या कायद्यातला शेतकरी म्हणजे हिमाचलात जमीन कसणारा. 'आमच्या ओळखीच्याच्या नावावर घेऊन ठेवा' असं सुचवणारे दलाल भेटतात. त्यांच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

खरा प्रश्न त्याच्या पुढचा, उताराचा आहे. सिमल्यातल्या बऱ्याच इमारतींत माणूस रस्त्यावरून थेट सर्वांत वरच्या मजल्यावर शिरतो आणि घर पाहायला जिने उतरत जातो. मोटार उभी असते ती गच्चीवर. गिऱ्हाईक बाल्कनीतून दरी बघत राहतं, पण बघायला हवी ती मागची भिंत, डोंगराला चिकटलेली. तिथं ओल आहे का, नुकताच रंग फासलाय का? उतार अडवून धरणाऱ्या भिंतीला स्थानिक लोक 'डंगा' म्हणतात. पाणी निथळण्यासाठी डंग्यात भोकं ठेवलेली असतात. भर पावसातही ती कोरडीच राहिली, तर पाणी मागे साचून भिंतीवर रेटा देत असण्याची शक्यता असते. उन्हाळ्यात गेलेल्याला यातलं काहीच दिसत नाही.

उतार काय करू शकतो हे सिमल्यानं पाहिलं आहे. सप्टेंबर 2021 मध्ये कच्ची घाटीत एक बहुमजली इमारत पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली; रहिवाशांना आधीच बाहेर काढलं होतं म्हणून जीव वाचले. 14 ऑगस्ट 2023 ला तेवढं नशीब नव्हतं. तिकडचा श्रावण सोमवार होता. समर हिलच्या शिवमंदिरावर दरड आली आणि 20 माणसं गेली. राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये गाभ्याच्या भागात नवं बांधकाम थांबवलं होतं आणि इतरत्र अडीच मजल्यांची मर्यादा घातली होती. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शहराच्या विकास आराखड्याची वाट मोकळी केली. आराखडा मंजूर झाला म्हणून डोंगराची ताकद मात्र वाढत नाही.

पाण्याचं तसंच. शहर वसलंय धारेवर, पाणी खालच्या दऱ्यांत. ते पंपानं वर चढवावं लागतं. 2011 च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत सुमारे 1 लाख 70 हजार लोक होते, वर पर्यटकांची भर. 2018 च्या मे अखेरीस पुरवठा इतका घटला की लोक बादल्या घेऊन रस्त्यावर उतरले आणि पर्यटकांनी येऊ नये, असं सांगायची वेळ आली. त्याआधी 2015-16 च्या हिवाळ्यात सांडपाण्यानं दूषित झालेल्या अश्वनी खड्ड या ओढ्याच्या पाण्यातून काविळीची साथ पसरली होती. म्हणून भाडं ठरवताना पहिला प्रश्न विचारावा: नळाला पाणी किती दिवसांआड येतं आणि टाकी केवढी आहे?

आणि गुडघे? शहरातले कित्येक रस्ते वाहनांना बंद आहेत किंवा परवान्यावरच खुले आहेत. कार्ट रोडवरून मॉलवर जायला लिफ्ट आहे, पण घराच्या दारापर्यंत नाही. रुग्णवाहिका खालच्या रस्त्यावर थांबते. तिथवर आजाऱ्याला खुर्चीवरून उचलून न्यायचं. सिलिंडर हमाल पाठीवर आणतो, त्याची मजुरी वेगळी. जानेवारीत उत्तरेच्या उतारावर ऊन पोचत नाही, पडलेला बर्फ दगडासारखा घट्ट होतो आणि त्यावरून दूध आणायला जाणं हेच दिवसाचं मोठं काम होऊन बसतं. घर सूर्याकडे तोंड करून आहे की पाठ करून, हे दलाल आपणहून सांगत नाही. माकडं तर बाराही महिने.

हौसेनं येणाऱ्या बाहेरच्यांना दरीचा देखावा दाखवणारं घर हवं असतं, म्हणून बांधकामं आणखी तीव्र उतारावर सरकतात. तेव्हा जाणाऱ्यानं जरूर जावं, पण आधी भाड्यानं: जुलै-ऑगस्ट आणि डिसेंबर-जानेवारी हे चार महिने तिथं काढावेत. त्यानंतरही मन तिथंच रमत असेल, तर आधीच उभ्या असलेल्या आणि इंजिनिअरकडून तपासून घेतलेल्या घरातच बिऱ्हाड थाटावं. नव्या डंग्यावरच्या नव्या फ्लॅटची सोसायटी मात्र सरळ टाळावी.