विश्लेषण : गल्लीतल्या दवाखान्याचा दर्जा ठरवायचा कसा?

ताप आला की बहुतेक कुटुंबे आधी घराजवळचा खासगी दवाखाना गाठतात. ‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ ही ख्याती, बाहेरची गर्दी किंवा गुगलवरचे तारे पाहून डॉक्टर निवडला जातो. पण तिथले उपचार योग्य आहेत की नाहीत, हे कोणी तपासते का?

देखरेख कोणाची?

महाराष्ट्रात खाटा असलेल्या खासगी रुग्णालयांना १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनी तिथे रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक लावणे बंधनकारक केले. फक्त बाह्यरुग्ण तपासणारा दवाखाना मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही. केंद्राच्या २०१० च्या वैद्यकीय आस्थापना कायद्यात एकट्या डॉक्टरच्या दवाखान्याचाही समावेश आहे. पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम छोट्या दवाखान्यांनाही लागू आहेत. म्हणजे वापरलेल्या सुईची विल्हेवाट कशी लावायची याला नियम आहे, पण ती सुई टोचण्याची गरज होती का, हे नियमितपणे पाहणारे कोणी नाही.

सरकारी केंद्रांचे मूल्यमापन कसे होते?

प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी ‘राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानके’ आहेत. उपलब्ध सेवा, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, पूरक सेवा, प्रत्यक्ष उपचार, संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि परिणाम अशा आठ अंगांनी गुण दिले जातात. प्रमाणपत्रासाठी किमान ७० टक्के गुण लागतात. खासगी दवाखान्यांना ‘एनएबीएच’ची मान्यता घेता येते, पण ती ऐच्छिक आहे.

संशोधन काय सांगते?

दर्जा मोजण्यासाठी संशोधकांनी प्रशिक्षित ‘बनावट रुग्ण’ डॉक्टरांकडे पाठवले. २०१४-१५ मध्ये मुंबई आणि पाटण्यातील सुमारे १२०० खासगी दवाखान्यांत हे रुग्ण क्षयरोगाची लक्षणे घेऊन गेले. थुंकीची तपासणी, छातीचा एक्स-रे किंवा योग्य ठिकाणी पाठवणे, अशी अपेक्षित कृती साधारण एक तृतीयांश भेटींतच झाली. मध्य प्रदेशातील अशाच एका अभ्यासात आणखी एक बाब दिसली. तोच डॉक्टर सरकारी केंद्रापेक्षा स्वतःच्या खासगी दवाखान्यात रुग्णाकडे अधिक लक्ष देत होता. म्हणजे पदवी आणि ज्ञान असले तरी ते प्रत्येक रुग्णासाठी वापरले जाईलच असे नाही.

‘गुण आला’ हा पुरावा का नाही?

सर्दी, विषाणूजन्य ताप, साधे जुलाब हे आजार बहुधा काही दिवसांत आपोआप बरे होतात. अशा वेळी इंजेक्शन दिले, सलाईन लावले किंवा अँटिबायोटिक दिले, तर श्रेय त्याला जाते. ‘सुई दिली नाही तर पेशंट दुसरीकडे जातो’ या भीतीने डॉक्टरही मागणी पुरवतात. इंटरनेटवरच्या रेटिंगमधून डॉक्टरांचे बोलणे, स्वच्छता आणि थांबावे लागणारा वेळ कळतो. निदान बरोबर होते का, हे त्यातून कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे निकष अधिक उपयोगी आहेत. दर भेटीत सरासरी किती औषधे, किती रुग्णांना अँटिबायोटिक, किती जणांना इंजेक्शन आणि किती औषधे जेनेरिक नावाने लिहिली, हे त्यात मोजले जाते.

रुग्णाने काय पाहावे?

२००२ च्या व्यावसायिक आचार नियमांनुसार ॲलोपॅथी डॉक्टरने नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि प्रत्येक चिठ्ठीवर लिहावा. हा क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे पडताळता येतो. आयुर्वेद आणि होमिओपॅथीसाठी वेगळ्या परिषदा आहेत. त्यानंतर काही साध्या गोष्टी पाहाव्यात. डॉक्टर आधीचे आजार, चालू गोळ्या आणि ॲलर्जी विचारतात का? प्रत्यक्ष तपासतात का? निदान आणि औषधांची नावे लिहून देतात, की कागदात गुंडाळलेल्या सुट्या गोळ्या हाती ठेवतात? कोणते लक्षण दिसले तर लगेच परत यायचे, हे सांगतात का? आवाक्याबाहेरचा रुग्ण वेळेत पुढे पाठवतात का? मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांची मागची नोंद पाहून औषध ठरते का? औषध न देता धीर देणारा डॉक्टर कमी दर्जाचा नसतो. अनेकदा उलटच असते.

तक्रार कोठे?

गैरवर्तनाची किंवा निष्काळजीपणाची तक्रार संबंधित परिषदेकडे करता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, त्यामुळे भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडेही जाता येते. मात्र दोन्ही मार्ग नुकसान झाल्यानंतरचे आहेत. त्या वेळी हाती लेखी चिठ्ठी आणि पावती नसेल, तर बाजू मांडणे अवघड जाते. छोट्या दवाखान्यांची नोंदणी आणि किमान मानके ठरेपर्यंत दर्जा पारखण्याचा भार आजारी माणसावर आणि त्याच्या घरच्यांवरच राहणार आहे.