वेदीवरचा तिसरा साक्षीदार

१९८३ च्या कॅनन कायद्याचे ११०८ वे कलम विवाहासाठी धर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांची उपस्थिती मागते. आमच्या धर्मग्रामांत आता एक तिसराही वेदीवर चढला आहे, आणि तो या साऱ्यांना झाकून उभा राहतो. वधूवर संमतीचे शब्द उच्चारतात तेव्हा जमलेल्या मंडळींना दिसते ती व्हिडिओवाल्याची पाठ! अंगठी नीट टिपली गेली नाही म्हणून ती पुन्हा घालावयास लावण्याचे त्याचे धाडस आम्हांस थक्क करते. घरच्यांचे मौन त्याहून अधिक.

दोष त्या बिचाऱ्याचा म्हणावा, तर त्याला मिस्साविधी ठाऊक नसतो. संमती हाच विवाहाचा प्राण, हे त्याला सांगितले कोणी? आम्ही त्याची निवड करतो ती ड्रोन आणि दर पाहून. पवित्रीकरणाच्या क्षणी तू कुठे उभा राहशील, तो प्रखर दिवा विझवशील का, असे कोणी विचारतो का? विसार हाती ठेवण्यापूर्वी त्याला एखाद्या रविवारी मिस्साला मागच्या बाकावर बसवा, धर्मगुरूंची गाठ घालून द्या. यास जो नकार देईल, त्याने उंबराच्या पाण्याच्या मिरवणुकीत बॅण्डपुढे हवे तितके चित्रण करावे. चर्चमध्ये त्याला आणू नये.