पन्नास फुटांचं अंतर

ईस्ट नदीच्या ब्रुकलिनकडच्या काठावर, विल्यम्सबर्ग भागात, पाच तरुण माणसं उन्हात बोलत बसली आहेत. आकाश निळंभोर, हवा सुखद. आणि त्यांच्या मागे, पाण्यापलीकडे, मॅनहॅटनच्या टोकावरून धुराचा लोट चढतो आहे. तारीख ११ सप्टेंबर २००१. त्या दिवशीच्या हल्ल्यांत जवळपास तीन हजार माणसं गेली. थॉमस होपकर यांनी टिपलेलं हे छायाचित्र पाहणाऱ्याच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘निर्दय’. तो शब्द खोटा आहे. तरीही हे छायाचित्र खरं आहे, आणि ते दाखवलंच पाहिजे. या दोन्ही गोष्टी मला ठासून सांगायच्या आहेत.

आधी पूर्वपक्ष. होपकर यांनी हे चित्र त्या वेळी प्रसिद्ध केलं नाही. ‘मॅग्नम’ या संस्थेच्या छायाचित्रकारांनी त्या हल्ल्यावर पुस्तक काढलं, त्यातही ते नव्हतं. २००६ साली डेव्हिड फ्रेंड यांच्या पुस्तकातून ते लोकांसमोर आलं, आणि ही माणसं घटनेनं हललेली दिसत नव्हती, अशी होपकर यांची स्वतःची साक्ष त्याला जोडलेली होती. हल्ल्याला पाच वर्षं होत असताना फ्रँक रिच यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या स्तंभात त्यावर लिहिलं. ही पोरं निर्दयच असतील असं नाही, पण झालं गेलं मागं टाकून पुढं निघण्याचा अमेरिकी स्वभाव त्यांच्यात दिसतो, असा त्यांचा सूर होता. शब्द मवाळ होते, पण निकाल लागला. नाव-गाव माहीत नसलेली पाच माणसं एका अख्ख्या देशाच्या विस्मृतीची प्रतीकं झाली.

मग चित्रातलाच एक माणूस पुढे आला. त्यानं लिहिलं की आम्ही सुन्न झालो होतो, जे दिसत होतं त्यावर विश्वास बसत नव्हता. तो आणि त्याची मैत्रीण घराच्या गच्चीवरून ते दृश्य पाहून नदीकाठी आले होते. तिथं भेटलेल्या अनोळखी माणसांशी त्यांचं जे बोलणं चाललं होतं, ते समोर घडलेल्या गोष्टीबद्दलच होतं. छायाचित्रकार पन्नास फूट चालत आला असता तर त्याला हे कळलं असतं. त्याच्या मैत्रिणीनंही जाब विचारला. ती स्वतः व्यावसायिक छायाचित्रकार आहे, आणि आम्हाला कुणी विचारलं नाही, ही तिची तक्रार होती.

आरोप करणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे: त्या पाच जणांनी काय करायला हवं होतं? सकाळी ९ वाजून ५९ मिनिटांनी वर्ल्ड ट्रेड सेंटरचा दक्षिणेकडचा मनोरा कोसळला, १० वाजून २८ मिनिटांनी उत्तरेकडचा. चित्रात मनोरे नाहीतच, उरला आहे तो धूर. मध्ये नदी. छाती पिटत उभं राहिल्यानं कुणाचा जीव वाचणार होता? आपल्याकडे स्मशानात सरण पेटलं की सोबत आलेली माणसं बाकांवर टेकतात. कुणी पाऊसपाण्याचं बोलतं, कुणी मुलांच्या परीक्षांचं, कधी कुणी हसतंसुद्धा. त्या क्षणाचा फोटो काढून त्याखाली ‘यांना दुःख नाही’ असं लिहिणाऱ्याला आपण काय म्हणू? मोठा आघात झाला की देह आधी सवयीचं तेच करतो. बसतो, बोलतो, शेजारच्याकडे वळतो. कॅमेऱ्याला दिसते ती ही बैठक. मन त्याच्या कक्षेत येत नाही.

काही जाणकार इथं चित्रकार ब्रॉयगेल यांच्या नावावर असलेल्या, ग्रीक पुराणकथेतल्या इकारसच्या चित्राचा आधार घेतात. त्यात इकारस समुद्रात बुडतो आहे आणि शेतकरी नांगर हाकतो आहे. पण तो शेतकरी चित्रकारानं घडवलेला आहे. त्याला बेफिकीर करण्याचा हक्क चित्रकाराला होता. विल्यम्सबर्गच्या काठावरची माणसं कुणाच्या कुंचल्यातून आली नव्हती. त्यांना घरं होती, नाती होती, आणि त्या दिवशी आपली माणसं कुठं आहेत ही चिंता त्या शहरात कुणाला नव्हती?

मात्र म्हणून हे छायाचित्र फाडून टाका म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. रस्त्यावर आपत्ती कोसळत असताना आधी परवानगी मागत बसलं तर वृत्तछायाचित्रण उरणारच नाही. होपकर गाडीतून उतरले, तीन छायाचित्रं काढली आणि पुढं निघाले. यात गुन्हा नाही. त्यांना चित्र संदिग्ध वाटलं, त्यांनी ते बाजूला ठेवलं, तो विवेकही मी समजू शकतो. चूक घडली ती पुढं, जेव्हा न विचारलेल्या माणसांच्या मनाबद्दल साक्ष दिली गेली.

आणि चित्र दडवणं घातकच ठरलं असतं. त्या दिवसाची कोणती चित्रं आपल्या डोळ्यांपुढं राहिली ते पाहा. ढिगाऱ्यावर झेंडा उभारणारे तीन अग्निशामक जवान, हे थॉमस फ्रँकलिन यांचं छायाचित्र टपाल तिकिटावर गेलं. मनोऱ्यावरून डोकं खाली होऊन पडणाऱ्या माणसाचं रिचर्ड ड्र्यू यांचं छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलं, आणि वाचकांच्या संतापानंतर बहुतेक ठिकाणांहून नाहीसं झालं. शौर्य दाखवायचं, असहायता झाकायची, असाच हा कल होता. होपकर यांचं चित्र ही झाकलेली बाजू उघडी करतं. सुरक्षित काठावर असणं, काहीच करता न येणं, आणि तरी तिथून हलता न येणं. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या किती गच्च्यांवर, किती पुलांवर माणसं अशीच उभी होती! इतिहासात त्यांची जागा आहे.

होपकर २०२४ साली गेले. चित्र मात्र प्रदर्शनांत, पुस्तकांत, पाठ्यक्रमांत फिरत राहणार. ते जिथं छापाल तिथं त्या माणसानं दिलेलं उत्तर त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा. ते उत्तर २००६ पासून उपलब्ध आहे. ते गाळून चित्र छापणारा संपादक पाच माणसांवरचा जुना आरोप आपल्या सहीनिशी पुन्हा ठेवतो.