पाळतीची लाज

राज्यकर्त्यांना प्रजेविषयी अचानक प्रेमाचे भरते येते, तेव्हा प्रजेने सावध व्हावे हे उत्तम. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाला असेच भरते आले. यापुढे देशात विकावयाच्या प्रत्येक नव्या मोबाइल फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप कारखान्यातूनच बसवून आले पाहिजे, असा आदेश विभागाने २८ नोव्हेंबर रोजी उत्पादकांना धाडला. आणि या ॲपचे काम कोणाला बंद पाडता येऊ नये, अशी मेखही त्यात मारून ठेवली. साथी म्हटला की तो ज्याचा त्याने निवडावयाचा असतो. हा साथी मात्र न विचारता खिशात शिरणार होता. देशभर ओरड झाली. मग ‘नको असेल त्याने काढून टाकावे’ असा खुलासा मंत्रिमहोदयांनी केला, आणि ३ डिसेंबरला सक्तीच मागे घेतली गेली. कारण काय, तर ॲपला लोकांचा प्रतिसाद वाढत असल्याने सक्तीची आवश्यकता उरली नाही! मग पाचच दिवसांपूर्वी ती आवश्यकता कोठून उपटली होती, असा प्रश्न विचारणे अर्थातच देशहिताचे नव्हे.

ही माघार लोकांच्या दबावाने घडली, हे नि:संशय चांगले झाले. परंतु या प्रकरणात खरे लक्षात घेण्याजोगे आहे ते आदेश काढणाऱ्यांचे निर्ढावलेपण. पाळत या देशाला नवी नाही. नवी आहे ती पाळतीविषयीची लाज संपुष्टात आल्याची अवस्था.

एके काळी ही लाज होती, आणि तिची किंमत राज्यकर्त्यांना मोजावी लागत होती. १९८६ साली टपालातील पत्रे अडविण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारे विधेयक संसदेने संमत केले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. पंतप्रधानांशी त्यांचे वितुष्ट होते हे खरे, पण विधेयक अडले हेही तितकेच खरे. १९८८ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना राजकीय व्यक्तींचे दूरध्वनी चोरून ऐकले गेल्याच्या आरोपावरून पायउतार व्हावे लागले. १९९१ च्या मार्चमध्ये राजीव गांधींच्या निवासस्थानाबाहेर हरियाना पोलिसांचे दोन शिपाई टेहळणी करताना सापडल्याचे निमित्त झाले, आणि काँग्रेसच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभे असलेले चंद्रशेखर सरकार कोसळले. हेगडे काय, चंद्रशेखर काय, दोघेही जनता परिवारातले. आणीबाणीत ज्या पक्षांच्या माणसांनी तुरुंगवास भोगला, त्यांच्याच राजवटीवर हे डाग पडले. समाजवाद्यांनी ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. सत्तेच्या खुर्चीत बसणाऱ्याचे कान आपोआप लांब होतात, मग त्याचा झेंडा कोणत्याही रंगाचा असो.

तरीही त्या दिवसांत दोन शिपायांच्या टेहळणीने केंद्रातले सरकार जाऊ शकत होते. आता २०२१ सालाकडे पाहावे. त्या वर्षीच्या जुलैत ‘पेगासस’ या इस्रायली हेरतंत्राची बातमी जगभरच्या १७ वृत्तसंस्थांनी मिळून फोडली. पत्रकार, विरोधी पुढारी, मानवी हक्कांचे कार्यकर्ते यांचे क्रमांक संभाव्य लक्ष्यांच्या यादीत आढळले. हे तंत्र आपण केवळ सरकारांनाच विकतो, असे ते बनविणारी कंपनी स्वत: सांगते. भारत सरकारने ते विकत घेतले की नाही, या साध्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे दोनच उत्तरांचे पर्याय होते. सरकारने तिसरा पर्याय शोधून काढला : राष्ट्रीय सुरक्षा. या शब्दांचा उच्चार केल्याने सरकारला मोकळे रान मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी बजावले व चौकशी समिती नेमली. समितीने २९ फोन तपासले. त्यांतील ५ फोनमध्ये घातक प्रणाली सापडली. ती पेगाससच होती असे ठामपणे सांगता आले नाही. आणि सरकारने समितीला सहकार्य केले नाही, असे सरन्यायाधीशांनीच २०२२ च्या ऑगस्टमध्ये भर न्यायालयात सांगितले. कोणी राजीनामा दिला? कोणाची खुर्ची हलली? शिपाई दिसत होते म्हणून सरकार पडले. हेरतंत्र दिसत नाही म्हणून सरकार टिकले. विज्ञानाची प्रगती म्हणतात ती हीच असावी.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि त्याचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. दहशतवादी आणि ठग फोनवरच बोलतात; मग सरकारने ऐकू नये काय? जरूर ऐकावे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात मारेकऱ्यांना सीमेपलीकडून मिळणारे हुकूम दूरध्वनी ऐकूनच उघडे पडले. ‘डिजिटल अरेस्ट’च्या धाकाने म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी लुबाडणारे भामटेही खरे आहेत. वाद आहे तो ऐकण्याला परवानगी कोणी द्यावी, हिशेब कोणी मागावा आणि चूक झाली तर जबाबदार कोण, याविषयी. या तिन्ही प्रश्नांचे भारतीय कायद्यातील उत्तर एकच आहे : अधिकारी.

या उत्तराची परंपरा मोठी पुरातन आहे. मुंबईत काँग्रेसची स्थापना झाली त्याच १८८५ साली ब्रिटिशांनी भारतीय तार कायदा केला. १८५७ च्या उठावात तारायंत्राचा उपयोग काय होतो हे त्यांना पुरते कळून चुकले होते. ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ यांचे नाव घेऊन संदेश अडविण्याचा अधिकार त्या कायद्याने सरकारला दिला. स्वातंत्र्यानंतर तो तसाच राहिला. जयप्रकाश नारायण यांनी आणीबाणीत, १९७६ साली, जिचा पाया घातला त्या पीयूसीएलने या अधिकाराला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा कोठे १८ डिसेंबर १९९६ च्या निकालाने त्याला काही वेसण घातली गेली. गृहसचिवाने लेखी आदेश द्यावा, मुदत दोन महिन्यांची असावी, ती सहा महिन्यांपलीकडे वाढवू नये, आणि सचिवांच्या समितीने आदेशांचा फेरविचार करावा, असे ठरले. न्यायाधीशाची परवानगी मात्र आवश्यक ठरली नाही. एका सचिवाने सही करावी आणि दुसऱ्या सचिवांनी ती योग्य ठरवावी!

ही योजना कशी चालते, ते २०१३ साली माहितीच्या अधिकारात मिळालेल्या एका उत्तराने कळले. एकट्या केंद्र सरकारकडून दूरध्वनी ऐकण्याचे महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० आदेश निघत होते. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात त्याचा अर्थ सांगितला : दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या फेरविचार समितीसमोर १५,००० ते १८,००० आदेश येणार. समितीने आठ तासांची अखंड बैठक मारली, चहासुद्धा घेतला नाही, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंद येत नाहीत. इतकी शीघ्र न्यायबुद्धी रामशास्त्र्यांनाही लाभली नव्हती.

वसाहतवादी कायदे गाडून टाकण्याची गर्जना करीत २०२३ साली नवा दूरसंचार कायदा आला. १८ डिसेंबरला विधेयक मांडले, २० ला लोकसभेत आणि २१ ला राज्यसभेत ते संमत झाले. विरोधी पक्षांचे १४६ खासदार त्या अधिवेशनात निलंबित करण्यात आले होते, त्यामुळे कामकाजात व्यत्यय येण्याची भीती नव्हती. ब्रिटिशांचा कायदा गेला; संदेश अडविण्याचा ब्रिटिशांचा अधिकार ‘सार्वजनिक आणीबाणी’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ या शब्दांसह सुखरूप राहिला. त्याच महिन्यात नवा टपाल कायदाही संमत झाला. झैलसिंगांनी १९८६ मध्ये जी सही रोखली, तिची आता कोणाला आठवणही राहिलेली नाही.

या व्यवहारात दूरसंचार कंपन्या कोठे उभ्या आहेत? जेथे परवाना, लहरी आणि थकबाकी सरकारच्या हाती असते, तेथेच. २०२५ साली थकबाकीच्या बदल्यात समभाग घेऊन सरकार व्होडाफोन आयडियाचे सुमारे ४९ टक्क्यांचे धनी झाले. पहारेकरी आणि भागीदार एकच! कंपन्यांची जीभ लुळी पडलेली नाही. स्वार्थाचा विषय निघाला की ती चांगली चालते. उपग्रहाद्वारे सेवा देणाऱ्या परकीय कंपन्यांना लहरी लिलावाविना मिळू नयेत, स्पर्धा समान पातळीवर हवी, असा घोष जिओने लावला होता. २०२५ च्या ११ मार्चला एअरटेलने आणि १२ मार्चला जिओने त्याच परकीय स्पेसएक्सशी करार केले. संदेशवाहक ॲप्स चालू सिमकार्डाला जखडून टाकण्याचा आदेश २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निघाला, तेव्हा कंपन्यांच्या संघटनेने त्याचे स्वागत केले. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढविले, तेही जणू एका सुरात. ग्राहकाची गुपिते सरकारच्या हवाली करताना असा आवाज चढल्याचे मात्र ऐकिवात नाही.

खाजगीपणाची महती बड्यांना कळत नाही असे नव्हे. २०१० साली नीरा राडिया यांच्या ध्वनिफिती फुटल्या आणि दूरसंचार खाते कोणाला मिळावे याच्या वाटाघाटी कोठे चालतात, हे देशाने ऐकले. तेव्हा रतन टाटा खाजगीपणाच्या हक्कासाठी तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले. हक्क त्यांचाही होताच. पण तोच हक्क सामान्य माणसासाठी मागितला गेला, तेव्हा केंद्र सरकारच्या महान्यायवाद्यांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्कच नव्हे, असा युक्तिवाद केला. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी तो एकमताने फेटाळला.

सरकारने या पराभवातून काय बोध घेतला, ते पाहण्यासारखे आहे. जो हक्क अस्तित्वातच नाही असे सरकार म्हणत होते, त्याच हक्काचे नाव घेऊन त्याने माहितीच्या अधिकाराला कुलूप लावले. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(जे) बदलले, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहितीच नाकारता येत असे. आता ती ‘वैयक्तिक’ आहे एवढे म्हटले की पुरते. जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे वचनही पुसले गेले. कलम ८(२) मधील सार्वजनिक हिताचा मार्ग खुला आहे, असे सरकार सांगते. पण ते हित आहे की नाही हे ठरविणार पुन्हा अधिकारीच. राजस्थानातील ब्यावरला १९९६ साली मजुरांनी धरणे धरले, ते हजेरीपटावरची नावे तपासता यावीत म्हणून. महाराष्ट्राने २००२ सालीच स्वत:चा कायदा केला. आता हजेरीपटावरचे नावसुद्धा वैयक्तिक ठरू शकते. नागरिकाचा फोन सरकारला उघडा आणि सरकारची फाईल नागरिकाला बंद, अशी ही नवी व्यवस्था आहे.

तेव्हा केवळ उपरोधाने भागणार नाही. फोन ऐकण्यास न्यायाधीशाची पूर्वपरवानगी, आदेशांची संख्या दरवर्षी विधिमंडळापुढे, निर्दोष ठरलेल्याला मागाहून सूचना, आणि माहिती अधिकाराच्या मूळ कलमाची पुनर्स्थापना, या चार मागण्या प्रत्येक सभेत मांडल्या गेल्या पाहिजेत. राज्यांचे गृहसचिवही असे आदेश काढतात. म्हणून जेथे विरोधी पक्षांची सरकारे आहेत, तेथे निदान आदेशांची संख्या तरी त्यांनी आजच जाहीर करावी, असा आग्रह कार्यकर्त्यांनी मित्रपक्षांपाशी धरावा. हेगड्यांच्या आणि चंद्रशेखरांच्या वारसांना दिल्लीकडे बोट दाखविण्याचा अधिकार त्यानंतरच पोहोचतो. राज्यकर्त्यांना लाज कायद्याने शिकविता येत नाही. हिशेब देणे मात्र त्यांना भाग पाडता येते. संचार साथीची सक्ती पाच दिवसांत मागे घ्यावी लागली, ती लोक गप्प बसले नाहीत म्हणूनच.