विक्रीपत्र की गहाणखत? एका अटीवर टांगलेली जमीन

वर्धा : उसने पैसे घ्यायचे आणि तारण म्हणून शेताचे विक्रीपत्र करून द्यायचे, हा व्यवहार वर्धा जिल्ह्याला नवा नाही. पैसे फेडले की शेत परत, असे तोंडी ठरते. पेरणीच्या तोंडावर हाती रोकड नसलेला शेतकरी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन सही करतो. कापूस-सोयाबीनचे एक-दोन हंगाम बुडाले की मुदत टळते, सातबारावर दुसऱ्याचे नाव चढते आणि वाद न्यायालयात पोहोचतो. तेथे पहिला प्रश्न विचारला जातो तो कागदात काय लिहिले आहे, हा.

कायद्याच्या दृष्टीने येथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी संभवतात. परत खरेदीची अट असलेली विक्री असेल, तर ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यावेच लागतात. तारीख चुकली की जमीन गेली. तोच व्यवहार सशर्त विक्रीच्या रूपातील गहाण ठरला, तर मात्र तारीख उलटूनही जमीन सोडवून घेण्याचा हक्क शिल्लक राहतो आणि त्यासाठी दावा करण्याची मुदत 30 वर्षांची आहे. दोन्ही दस्तांची भाषा मात्र जवळजवळ सारखीच असते.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 मध्ये 1929 साली झालेल्या दुरुस्तीने यावर एक निर्णायक रेघ ओढली. जमीन परत करण्याची अट विक्रीच्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण मानता येत नाही. कर्जदाराला संदिग्धतेतून सोडवू पाहणाऱ्या या तरतुदीने धनकोला सोयीची वाटही दाखवली. नोंदणीकृत विक्रीपत्र कोरे करकरीत, कोणतीही अट नसलेले. आणि 'रक्कम मिळाल्यावर शेत परत करून देईन' असा करारनामा वेगळ्या मुद्रांकावर. दोन कागद झाले की गहाणाचा युक्तिवाद तेथेच लंगडा होतो. वकील पक्षकाराला सर्वप्रथम 'कागद एक की दोन' असे विचारतात ते यासाठीच.

अट एकाच दस्तात असली तरी वाद संपत नाही. या विषयावरील 1954 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आजही आधार मानला जातो. प्रकरण बिहारमधील होते. निकाल लिहिणारे न्या. व्हिव्हियन बोस मात्र नागपूरचे. वर्धा जिल्हा 1956 पर्यंत ज्या नागपूर उच्च न्यायालयाच्या कक्षेत होता, त्याचे ते मुख्य न्यायमूर्ती राहिले होते. शब्द स्पष्ट असतील तर पक्षकारांच्या मनात काय होते याचा शोध घ्यायचा नाही, त्या शब्दांचा कायदेशीर परिणाम पाहायचा. भाषा संदिग्ध असेल तरच भोवतालची परिस्थिती विचारात घ्यायची, असे त्यांनी सांगितले. एका दस्ताची दुसऱ्याशी तुलना करून फारसे काही हाती लागत नाही, हेही त्यांनीच नोंदवले. त्याचा प्रत्यय पुढेही आला. महाराष्ट्रातील अशाच वादांत सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये एक दस्त विक्री ठरवला, तर 2017 मध्ये दुसरा गहाण.

परिस्थिती पाहण्याची वेळ आली की काही गोष्टींना वजन येते. किंमत बाजारभावाच्या मानाने फारच कमी होती काय? विक्रीनंतरही वहिती कोणाची राहिली, शेतसारा कोणी भरला? फेरफार लगेच झाला की मुदत संपेपर्यंत थांबला? पटवाऱ्याच्या दप्तरातील पीकपाहणीची एखादी नोंद अशा वेळी दस्तातील लांबलचक मजकुरापेक्षा अधिक बोलते.

लेखी दस्तातील अटी तोंडी पुराव्याने बदलता येत नाहीत, हा 1872 च्या पुरावा कायद्याचा नियम 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. मात्र दस्त केवळ देखावा होता, तो अमलात आणायचाच नव्हता, हे सांगण्यास तोंडी पुरावा चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये स्पष्ट केले. अर्थात सांगता येणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे. व्यवहार झाला तेव्हा हजर असलेले साक्षीदार बहुधा धनकोच्याच बैठकीतले असतात.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 ने यातून एक निराळा मार्ग काढला. जमीन सावकारी कर्जाच्या तारणापोटी गेली याची खात्री पटल्यास जिल्हा निबंधक, म्हणजे सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक, विक्रीपत्र अवैध घोषित करून ताबा परत देण्याचा आदेश देऊ शकतात. एक कागद की दोन, हा अडसर येथे आड येत नाही. पण समोरची व्यक्ती सावकारीचा व्यवसाय करते हे दाखवावे लागते. नात्यागोत्यातील एखादा उसनवारीचा व्यवहार त्यात बसत नाही. शिवाय अर्जाच्या तारखेपासून मागील 15 वर्षांतील हस्तांतरणेच या तरतुदीखाली येतात.

1 जुलै 2006 रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात वर्धा होता. त्या अडचणीच्या वर्षांत लिहिली गेलेली विक्रीपत्रे आता या मुदतीबाहेर गेली आहेत. ज्यांनी अर्ज केला नाही, त्यांच्यासाठी दिवाणी न्यायालयाचा रस्ता तेवढा उरतो, आणि तोही परतीची अट त्याच दस्तात लिहिली गेली असेल तरच काहीसा सुकर.