राळेगणचा पास्ता आणि तुमची पिठलं-भाकरी

"राळेगणसिद्धीला जाऊन तू पास्ता खाल्लास? अण्णांच्या गावात? अरे काहीतरी वाटू दे जिवाला!"

सोमवारी कॅन्टीनमध्ये हे ऐकून घेतलं. बोलणाऱ्याच्या ताटात तेव्हा शेजवान नूडल्स होत्या, हे आधी नमूद करून ठेवतो. मग टेबलावरच्या बाकीच्यांनीही री ओढली. गावाला गेल्यावर कसं चुलीवरचं पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा... आणि हा येडा तिथे मॅकरोनी शिजवून आला. पंधरा मिनिटं माझी यथेच्छ धुलाई झाली. तिथे उत्तर सुचलं नाही (मला वादातली उत्तरं नेहमी दोन दिवसांनी सुचतात), म्हणून हा वीकेंडचा लेख.

आधी घडलं काय ते सांगतो. आत्या राळेगणला असते. पुण्याहून नगर रस्त्याने निघायचं, शिरूरला घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) सुरू, पुढे वाडेगव्हाणला वळायचं की आलंच गाव. निघायच्या आदल्या रात्री पुतणीचा फोन. वय वर्षं तेरा. "काका, येताना चीज आणि मॅकरोनी आण. तो वरून लालसर भाजलेला पास्ता असतो ना, तो करायचाय. सगळ्यांसाठी." मी शिरूरला थांबून अर्धा किलो मॅकरोनी आणि चीजची दोनशे ग्रॅमची दोन पाकिटं घेतली.

घरात ओव्हन नाही, त्यामुळे 'बेक' कसं करणार हा मला पडलेला प्रश्न. आत्याला तो पडलाच नाही. "खाली इस्तव, वर इस्तव, मधी पातेलं. त्यात काय एवढं?" तिने जाड बुडाचं पातेलं चुलीच्या मंद आचेवर ठेवलं, वर ताटली झाकली आणि ताटलीवर गोवऱ्यांचे निखारे पसरले. झाला ओव्हन. व्हाइट सॉस वहिनीने केला. लोण्यावर मैदा परतायचा आणि दूध थोडं थोडं घालत हलवत राहायचं. मी यूट्यूबवर 'गुठळ्या होऊ देऊ नका' हे तीनदा ऐकून गेलो होतो. जी बाई वीस वर्षं पिठल्यात गुठळी होऊ देत नाही तिला हे शिकवायला गेलो, म्हणजे माझीही कमालच. मॅकरोनी किंचित कच्ची असतानाच उतरवायची, कारण ती पुढे सॉसमध्ये शिजते, एवढं एकच ज्ञान माझ्या खात्यात जमा आहे.

सात माणसं जेवली. आत्याने वर लाल तिखट भुरभुरलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मुद्दा संपला, असं मला वाटलं होतं. पण नाही.

माझ्या मित्रांचा आक्षेप नेमका काय आहे? पास्ता वाईट, असं त्यांचं म्हणणं नाही. दर शुक्रवारी ते तोच खातात, वर चीज एक्स्ट्रा मागवून. पास्ता *गावात* नको, असं त्यांचं म्हणणं आहे. म्हणजे आपण आठवडाभर हिंजवडीत जगभरचं खायचं आणि महिन्यातून एकदा गाडी काढून 'अस्सल' जेवायला गावात जायचं, तेव्हा गावाने मात्र आपली वाट बघत बाजरी थापत बसायचं. राळेगण तर 'आदर्श गाव', म्हणजे तिथे दुप्पट अस्सल. याला गावावरचं प्रेम म्हणत नाहीत. गाव हे आपल्या करमणुकीचं म्युझियम आहे, असं समजण्याचा हा प्रकार आहे.

आता जरा इतिहास. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने काय खाल्लं, घरी विचारून बघा. अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणि दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी. मिलोचं नाव काढलं की आत्याचं तोंड आजही वाकडं होतं. तोही परदेशी पदार्थच होता की! तेव्हा कुणी म्हणालं नाही की अरेरे, गावाची अस्सल भाकरी गेली. पोटात काही नव्हतं म्हणून मिळेल ते गिळलं. पुढे १९७५ मध्ये लष्करातून परतलेल्या अण्णा हजारेंनी आधी यादवबाबांचं देऊळ उभं केलं आणि मग गावाने श्रमदान, नालाबंडिंग, पाझर तलाव, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे सगळं केलं. डोंगरावरून वाहून जाणारं पाणी जमिनीत मुरलं, विहिरींना पाणी आलं, मग चारा आला, मग गोठ्यात संकरित गाई आणि घराघरातून डेअरीला दूध. हा सगळा खटाटोप कशासाठी होता? ताटात काय असावं हे दुष्काळाने ठरवायचं नाही, माणसाने ठरवायचं, यासाठीच ना? मग तेरा वर्षांच्या मुलीने ठरवलं की आज चीज पास्ता, तर त्यात आदर्शाला धक्का कुठे बसला? मी तर म्हणतो ही त्या पाझर तलावांचीच कमाई आहे. आणि ज्या गावाने हातभट्ट्या बंद केल्या, दुकानातून विडी-तंबाखू हद्दपार केली, त्या गावाला काय घातक आणि काय नाही हे कळतं. आपण कॅन्टीनमधून कळवायची गरज नाही.

"पण मैदा, चीज, हेल्दी नाही रे..." मान्य. रोज खाण्याचा पदार्थ नाहीच तो. पुरणपोळीवर तुपाची धार हेही रोजचं जेवण नाही. शाळेबाहेर पाच-पाच रुपयांना लटकलेली चिप्सची पाकिटं रोज पोटात जातात, ओरडायचंच तर त्यांच्यावर ओरडा.

"पण आपली संस्कृती..." आपण उन्हाळ्यात खाटेवर शेवया वाळत घालतो, त्या काय आहेत? गव्हाच्या पिठाचे वाळवलेले धागे, आणि जुन्या बायका त्यासाठी मुद्दाम बन्सी गहू शोधायच्या. बन्सी म्हणजे ड्युरम जातीचा गहू, ज्याच्या रव्यापासून इटलीत पास्ता करतात तोच. पुण्याच्या आघारकर संस्थेने एमएसीएस ४०२८ नावाचं ड्युरमचं वाण काढलंय, ते आपल्याच शेतकऱ्यांसाठी. तेव्हा पास्ता परका आणि शेवया आपल्या, असा वाद घालायचा तर गव्हाला काय वाटेल याचाही विचार करा.

आता ज्यावर खरंच भांडायला हवं ते सांगतो.

मी चीज किसत होतो तेव्हा आतेभाऊ, म्हणजे दादा, डेअरीवर दूध घालून आला. पाकीट हातात घेऊन म्हणाला, "केवढ्याला रे हे?" मी सांगितलं, दोन्ही मिळून अडीचशेच्या वर. किलोला सहाशेच्या घरात. "आणि किलोला दूध किती लागतं?" साधारण दहा लिटर. त्याने खिशातली फॅट-एसएनएफची पावती काढली, तिच्या मागे आकडे मांडले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजी आपलंच दूध जातंय आन् असं होऊन परत येतंय व्हय."

कारखाना, शीतगृह, वाहतूक, जाहिरात यांचा खर्च असतो हे मलाही कळतं. पण उरलेला हिशोबही ऐका. चीज केल्यावर जे पाणी उरतं, त्याची पावडर म्हणजे तुमचं जिममधलं व्हे प्रोटीन, ज्याच्या डब्याला तुम्ही हसत हसत हजारो रुपये मोजता. त्यातलं दादाच्या पावतीवर काय उमटतं? २०१७ च्या जूनमध्ये याच जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला, रस्त्यावर दूध ओतलं गेलं, तेव्हा आपण 'नासाडी, नासाडी' म्हणून फॉरवर्ड पाठवले. २०२३ मध्ये सरकारने गाईच्या दुधाला ३४ रुपये दर ठरवला आणि वर्ष संपायच्या आत भाव इतका पडला की लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. तेव्हा आपल्या कॅन्टीनमध्ये चर्चा कशाची होती, आठवतंय? मला तरी नाही.

त्यात आणखी एक भर. चीजच्या नावाखाली वनस्पती तेलाचं 'चीजसदृश' काहीतरी खपवलं जातं, तेव्हा तेवढ्या दुधाची मागणी कापली जाते. २०२३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने नगरमधल्या एका परदेशी बर्गर साखळीच्या दुकानावर याच आक्षेपावरून कारवाई केली होती. कंपनीने आमचं चीज खरंच आहे असं सांगितलं, पण काही पदार्थांची नावं मात्र बदलली. कोण खरं कोण खोटं ते बाजूला ठेवू. पण आपल्यापैकी कितीजण पाकिटामागचं 'अॅनालॉग' हे बारीक अक्षर वाचतात?

म्हणजे गावाने चीज खाऊ नये यावर आपण तावातावाने बोलणार, आणि त्या चीजमधले पैसे गावात किती पोचतात यावर गप्प बसणार. चीज बनवायला काही परग्रहावरचं ज्ञान लागत नाही, शेजारच्या पुणे जिल्ह्यात मंचरला मोठा कारखाना आहेच. ज्या गावाने पाणी अडवून दाखवलं, त्याने उद्या स्वतःच्या दुधाचं चीज करायचं ठरवलं तर आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांनी निदान हिशोब मांडायला, मशिनचे भाव काढायला, गिऱ्हाईक शोधायला मदत करावी. तेवढं जमत नसेल तर पिठलं-भाकरीचे फोटो टाकणं तरी थांबवावं.

असो. दिवाळीत परत जातोय. पुतणीची ऑर्डर आलीये, या वेळी लझानिया. आत्याने कळवलंय की निखारे तयार आहेत. दादाने मात्र विचारलंय, "चीज घरी करता येतं का, बघून ये."

बघतोय.