युनोचे दार आणि आपले निवेदन

कुठे मोठा अन्याय झाला की आपल्या सभांमध्ये एक घोषणा हमखास ऐकू येते, 'आता हा प्रश्न आपण युनोत नेणार!' १२ फेब्रुवारी २०२५ ला महाबोधी महाविहारासाठी बोधगयेत आंदोलन सुरू झाले, तेव्हापासून ही भाषा पुन्हा जोरात आहे. टाळ्या पडतात, निवेदन तयार होते, ईमेल जातो आणि त्याचा स्क्रीनशॉट सगळ्या ग्रुपवर फिरतो. पुढे त्या निवेदनाचे काय होते, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. ते विचारायला हवे, कारण जिथे आपण दाद मागतो आहोत त्या घराचे मालक कोण आणि दारावर कोण बसले आहे, यावरच सगळे अवलंबून आहे.

संयुक्त राष्ट्रसंघ ही सरकारांची संघटना आहे. तिथे मत सरकारांना, पैसा सरकारांचा आणि खुर्च्याही सरकारांच्या. लोकांच्या संघटनांसाठी सनदेत ठेवलेली वाट म्हणजे कलम ७१. आर्थिक व सामाजिक परिषद, म्हणजे इकोसॉक, बिगरसरकारी संस्थांशी सल्लामसलतीची व्यवस्था करू शकते, असे त्यात म्हटले आहे. 'करू शकते', 'करील' नव्हे. या कलमाखाली संस्थांना 'सल्लागार दर्जा' मिळतो. आज असा दर्जा असलेल्या संस्था सहा हजारांवर आहेत. दर्जा असला की न्यूयॉर्क आणि जिनिव्यातल्या बैठकांना बसता येते, लेखी निवेदन अधिकृत कागदपत्रांत येते आणि मानवी हक्क परिषदेत दोन मिनिटे का होईना, बोलता येते.

दर्जा कोणाला द्यायचा, हे आधी १९ देशांची एक समिती ठरवते. संस्थांची पात्रता तपासणारे तिथे सगळे सरकारी प्रतिनिधी असतात. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्हाला 'नागरी समाज' म्हणजे राज्यसंस्थेच्या बाहेरचे क्षेत्र, असे शिकवले होते. या समितीत नागरी समाज कोणता, हे राज्यसंस्थाच ठरवते. एखाद्या सदस्य देशाने प्रश्न विचारला की अर्ज पुढच्या सत्रावर जातो. उत्तर दिले की नवा प्रश्न येतो. नकार देण्याची गरजच पडत नाही.

हा खेळ आपल्या प्रश्नावर जितका खेळला गेला, तितका क्वचितच कोणावर खेळला गेला असेल. इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क ही कोपनहेगनहून काम करणारी संस्था. भारत, नेपाळ, बांगलादेश अशा देशांतल्या दलित संघटनांचा आवाज बाहेर पोहोचवणे हे तिचे काम. तिचा अर्ज २००८ मध्ये समितीपुढे आला. त्यानंतर वर्षामागून वर्षे भारताचे प्रतिनिधी प्रश्न विचारत राहिले. एकूण प्रश्न शंभरावर गेले, असे संस्था सांगते. प्रत्येकाचे लेखी उत्तर गेले. दिल्लीत मधल्या काळात सरकार बदलले, पण प्रश्न थांबले नाहीत, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. जातीचा प्रश्न बाहेर जाऊ नये, यावर आपल्याकडच्या पक्षांचे फार मतभेद नाहीत. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये समितीला वळसा घालून विषय थेट इकोसॉकपुढे गेला आणि नऊ संस्थांना एकदम दर्जा मिळाला. बाजूने २४ मते, विरोधात १७, तटस्थ १२. एका दलित संस्थेला नुसते आत बसायला जवळपास पंधरा वर्षे लागली.

हे फक्त भारत करतो असे नाही. एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळावर तैवानचा उल्लेख स्वतंत्र देशासारखा दिसला की चीन तिचा अर्ज अडवतो. पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका नामांकित संस्थेला २०१६ मध्ये याच समितीने नाकारले होते. तिलाही दर्जा इकोसॉकमधूनच मिळाला.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहा. डिसेंबर २०२० मध्ये ब्रसेल्सच्या ईयू डिसइन्फोलॅब या संस्थेने एक अहवाल काढला. भारताच्या बाजूने आणि पाकिस्तानच्या विरोधात प्रचार करण्यासाठी बंद पडलेल्या, पण युनोचा दर्जा असलेल्या दहाहून अधिक संस्था पुन्हा 'जिवंत' करून जिनिव्यात वापरल्या गेल्या, असे त्यात पुराव्यांसह मांडले होते. निधन झालेल्या एका प्राध्यापकाचे नावही त्यात वापरले गेले होते. भारत सरकारने आपला याच्याशी संबंध नाकारला आणि अहवालानेही सरकारी यंत्रणेवर थेट बोट ठेवलेले नाही. कोणी केले हा वाद बाजूला ठेवू. पण ज्या व्यवस्थेत मेलेल्या संस्थांना बोलायला खुर्ची मिळते, त्याच व्यवस्थेत हाताने मैला उचलणाऱ्यांबद्दल बोलणाऱ्यांना शंभर प्रश्न विचारले जातात, हे विसरून चालणार नाही.

ही अडचण बाबासाहेबांच्या काळापासूनची आहे. १९४६ च्या मध्यास त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या नॅशनल निग्रो काँग्रेसने युनोकडे अर्ज केल्याचे त्यांनी वाचले होते. अस्पृश्यही तसाच अर्ज करण्याच्या विचारात आहेत, तेव्हा त्या अर्जाच्या प्रती मिळतील का, अशी त्यांची विचारणा होती. ३१ जुलैला डुबॉइस यांचे उत्तर आले. बाबासाहेबांनी आधी मागितला तो कागद, हे मला या पत्रव्यवहारात फार महत्त्वाचे वाटते. अर्ज कसा लिहिला, त्यात काय मांडले, हे त्यांना पाहायचे होते. पुढे १९४७ मध्ये डुबॉइस यांच्या पुढाकाराने एनएएसीपीचे मोठे निवेदन युनोत दाखल झाले. पण मानवी हक्कांच्या तक्रारींवर कारवाई करण्याचा अधिकारच आपल्याला नाही, असे मानवी हक्क आयोगाने त्याच वर्षी ठरवून टाकले होते. अमेरिकेच्या शिष्टमंडळालाही आपल्या घरातली लक्तरे तिथे नको होती.

हाच अनुभव आपल्याला २००१ मध्ये दर्बानला आला. वंशवादविरोधी जागतिक परिषदेला भारतातून सुमारे दोनशे दलित कार्यकर्ते गेले होते. आधी झालेल्या बिगरसरकारी संस्थांच्या मंचाने आपल्या जाहीरनाम्यात जातीचा स्पष्ट उल्लेख केला. सरकारांच्या अंतिम दस्तऐवजातून मात्र काम आणि जन्मकुळावर आधारलेल्या भेदभावाचा परिच्छेद गळाला. जात म्हणजे वंश नव्हे, ही भारताची भूमिका. यातली गंमत अशी, की १९६५ च्या वंशभेदविरोधी करारात 'डिसेंट', म्हणजे जन्मकूळ, हा शब्द घालण्याची सूचना भारतानेच केली होती. त्याच शब्दाच्या आधारे पुढे कराराच्या समितीने जातीचा प्रश्न आपल्या कक्षेत घेतला. दर्बाननंतर वर्षभरात, २००२ मध्ये, समितीची २९ क्रमांकाची सर्वसाधारण शिफारस आली आणि जात ही 'डिसेंट'मध्ये मोडते, हे लिखित झाले.

म्हणजे परिषदेत हरलेला मुद्दा समितीत जिंकला गेला. परिषदेत सरकारे मत देतात. करारांच्या समित्यांत सरकारांनी निवडलेले, पण व्यक्तिगत हैसियतीने बसणारे तज्ज्ञ असतात. त्यांना सरकारी अहवालासमोर ठेवायला दुसरी बाजू लागते आणि ती बाजू संस्थांकडूनच येते. २००७ मध्ये भारताचा अहवाल या समितीपुढे आला, तेव्हा ह्यूमन राइट्स वॉच आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एका केंद्राने शंभरावर पानांचा पर्यायी अहवाल ठेवला होता. सरकारने नेहमीप्रमाणे जात-वंशाचा वाद घातला, पण समितीने प्रश्न जातीचेच विचारले.

असा पर्यायी अहवाल द्यायला सल्लागार दर्जा लागत नाही. आपल्यातल्या पुष्कळ कार्यकर्त्यांना हे माहीत नसते. विशेष प्रतिवेदकांना, म्हणजे स्पेशल रॅपोर्टर्सना, एखाद्या घटनेची माहिती कोणीही पाठवू शकते. ते सरकारला पत्र लिहून उत्तर मागू शकतात. अल्पसंख्याक विषयाच्या प्रतिवेदक रिटा इझाक यांनी २०१६ मध्ये संपूर्ण अहवालच जातीवर दिला होता, आणि भारताने त्यावर आक्षेप घेतला होता. मानवी हक्क परिषदेत दर चार-पाच वर्षांनी प्रत्येक देशाचा आढावा होतो, त्यालाही दर्जाविना लेखी माहिती देता येते. भारताचा मागचा आढावा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला. पुढचा आता फार दूर नाही. मागच्या फेरीत एका संस्थेला २,८१५ शब्दांची मर्यादा होती, अनेक संस्थांनी मिळून दिल्यास ५,६३० शब्दांची. आपल्याकडचे स्वागतपर भाषणही यापेक्षा लांब असते!

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. वैयक्तिक तक्रार घेऊन आपण या समित्यांकडे जाऊ शकत नाही. त्यासाठी लागणारी घोषणा भारताने वंशभेदविरोधी करारात केलेली नाही आणि नागरी-राजकीय हक्कांच्या करारातला तक्रारीचा ऐच्छिक मसुदाही स्वीकारलेला नाही. 'जिनिव्यात केस टाकू' म्हणणाऱ्याला हे नम्रपणे सांगावे.

आता महाविहाराकडे येऊ. २००२ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, म्हणून युनेस्कोकडे दाद मागावी, असे अनेकांना वाटते. पण वारसा समिती ही २१ देशांची. २०२१ ते २०२५ या काळात भारत स्वतः तिचा सदस्य होता आणि २०२४ चे अधिवेशन तर दिल्लीतच भरले. समितीला सल्ला देणाऱ्या संस्था वास्तू आणि परिसराचे जतन तपासतात. १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्याखालच्या समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी असावेत की नसावेत, हा त्यांच्या तपासणीचा विषय नाही. तो पाटण्याचा आणि दिल्लीचा प्रश्न आहे. युनेस्कोकडे कोणी त्रयस्थाने माहिती पाठवली, तर तिचे सचिवालय ती आधी त्या देशाच्या सरकारकडेच खातरजमेसाठी पाठवते. म्हणजे आपले निवेदन फिरून दिल्लीलाच येते. तरीही जतनाबाबत, परिसरातल्या बांधकामांबाबत, मूळ अवशेषांच्या हाताळणीबाबत छायाचित्रे, तारखा आणि मोजमापांसह माहिती गेली, तर सरकारला उत्तर द्यावे लागू शकते. केवळ भावना लिहून पाठवल्या, तर ईमेल पोहोचल्याची पावती मिळते.

पैशाची बाजूही पाहू. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगी कायद्याखाली मिळालेला निधी एका संस्थेने दुसरीला देण्यावर पूर्ण बंदी आली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. जिल्ह्यात काम करणाऱ्या छोट्या दलित संस्था दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थांमार्फतच तगून होत्या. नोंदी ठेवणारी आणि गावोगाव फिरणारी माणसे याच पैशावर होती. त्या वेळच्या मानवी हक्क उच्चायुक्त मिशेल बॅचलेट यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये या कायद्यावर चिंता व्यक्त केली, पण त्यापलीकडे काही झाले नाही. आता तर युनोच स्वतः पैशाच्या चणचणीत आहे.

दोष सगळा बाहेरचा नाही. दर्जासाठी अर्ज करायचा तर संस्था किमान दोन वर्षे जुनी हवी, घटना हवी, हिशेब हवेत, निर्णय लोकशाही पद्धतीने होतात हे दिसायला हवे. आमच्या कामात मी अशा कितीतरी संस्था पाहते, ज्यांचा चेंज रिपोर्ट धर्मादाय आयुक्तांकडे वर्षानुवर्षे पडून आहे, कारण कार्यकारिणी एक नसून दोन आहेत. न्यूयॉर्कच्या समितीने प्रश्न विचारायच्या आधीच आपण बाद होतो.

आढाव्यासाठी लागणारी माहिती आपल्याच जिल्ह्यात पडलेली आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या नियम १७ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे. नियम १६ नुसार मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची बैठक वर्षातून दोनदा. तुमच्या जिल्ह्यात गेल्या पाच वर्षांत किती बैठका झाल्या, इतिवृत्ते आहेत का, किती पीडितांना अर्थसाहाय्य मिळाले आणि किती दिवसांनी? जिल्हाधिकारी कार्यालयात आणि समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे माहितीच्या अधिकारात हे मागता येते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, विषय एकच ठेवावा लागतो आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तो १५० शब्दांत बसवावा लागतो. प्रत्येक जिल्ह्यातून एका कार्यकर्त्याने हा अर्ज टाकला, तर आढाव्याची मुदत लागण्याआधी सगळ्या राज्याचा तक्ता हाती येईल.